खरवसात रोवलेली ड्रिलं

हिरायामा साहेब कचऱ्याच्या पिंपासमोर कमरेत वाकलेले पहिल्यांदा दिसले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, साहेबांचं काहीतरी पडलं असावं. दोघं-तिघं शोधायला धावलेसुद्धा. साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं, लोखंडाच्या किसातून नखाएवढा एक तुकडा काढला, रुमालावर ठेवला आणि पुन्हा वाकले. मग लोकांच्या लक्षात आलं, की साहेब नमस्कार करतायत. मोडक्या ड्रिलला.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीतली गोष्ट. चिंचवडच्या त्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नॉझल बनत. प्रत्येक नॉझलला चार भोकं, केसाच्या जाडीची. ही भोकं पाडणारी ड्रिलं जपानहून येत. जपानी कंपनीशी करार होता, करारात ड्रिलं होती आणि ड्रिलांबरोबर हिरायामा साहेब होते. आयात परवाना, बंदर, कस्टम असं करत एक ड्रिल इथं पोचायला पाच महिने लागत. मोडायला एक शिंक पुरे.

साहेबांचं वय साठीला टेकलेलं. दोन वर्षांत कामगारांनी त्यांचं हिरामण साहेब केलं होतं, आणि साहेबही त्या नावाला ओ देत. मशीन शॉपच्या मधल्या खांबावर त्यांनी एक फळी ठोकून घेतली होती. तिच्यावर लाकडाचं लहानसं देऊळ, त्याला गवताची वळलेली दोरी, दोरीला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या. पट्ट्यांचा आकार विजेसारखा दिसला म्हणून इलेक्ट्रिशियननं खाली ‘सावधान’ची पाटी लावली. साहेबांना ती शोभेची वाटली, म्हणून राहिली. रोज सकाळी ते वाटीतलं पाणी बदलत, चिमूटभर मीठ आणि तांदूळ ठेवत, दोनदा टाळ्या वाजवत आणि कामाला लागत. देवाला हाक मारायची तर टाळी वाजवावी, आरतीभर कशाला ताटकळवावं, असा तो कारभार होता. लोकांना तो आवडला होता. वेळ कमी लागायचा.

कारखान्याचा ड्रिलांविषयीचा कारभार मात्र एवढा सुटसुटीत नव्हता. मोडलेलं ड्रिल टूल स्टोअरला द्यायचं, पावती घ्यायची, मग नवं मिळायचं. तीन महिन्यांत तीन मोडली की मेमो. पर्मनंट कामगाराला मेमो मिळाला की तो त्याची पुडी करून तंबाखू ठेवी. टेम्पररीला मेमो मिळाला की ब्रेक मिळे. इथं थोडं समजून घ्यायला हवं. दोनशे चाळीस दिवस भरले की कायद्यानं माणूस पर्मनंट होतो. त्यामुळे दोनशे पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास त्याला विश्रांतीची गरज भासते, आणि ही गरज त्याच्याआधी कंपनीच्या लक्षात येते.

ड्रिलिंगच्या मशीनवरच्या टेम्पररी भीमराजला अशी विश्रांती आजवर दोनदा मिळाली होती. एकदा भोसरीला, दोनशे एकतिसाव्या दिवशी. एकदा आकुर्डीला, दोनशे छत्तिसाव्या. आता तिसरी कंपनी, दोनशे पंधरावा दिवस, आणि त्या दिवशी, चोवीस जानेवारीला, त्याच्या हातून तिसरं ड्रिल मोडलं.

ते त्यानं स्टोअरला दिलं नाही. शेजारच्या मशीनवर ज्योतीराम होता, लातूरकडचा, नऊ वर्षांचा पर्मनंट. त्यानं आवाज ऐकला, इकडंतिकडं बघितलं, पायातला मोजा खाली केला आणि एक नवंकोरं ड्रिल काढून भीमराजच्या हातावर ठेवलं.

“लाव. आन् ते मोडकं फेकून दे कुठंतरी.”

“तुमच्याकडं कुठनं आलं, भाऊ?”

“अडीनडीला असावं म्हणून ठिवलंय. सगळेच ठिवतेत.”

सगळेच ठेवत होते. स्टोअरमध्ये ड्रिलं कधी संपतील सांगता येत नसे, म्हणून प्रत्येक पर्मनंट माणूस चार-दोन बाजूला ठेवी. आणि प्रत्येक जण चार-दोन बाजूला ठेवी, म्हणून स्टोअरमध्ये ड्रिलं संपत. गेल्या महिन्यात लाइन दोनदा बंद पडली होती आणि जपानला काकुळतीची तार गेली होती.

भीमराजनं मोडका तुकडा काडेपेटीत घातला, काडेपेटी खिशात. त्या दिवसापासून त्याचं बूड एका जागी टिकेना.

काडेपेटी टाकायची कुठं, हाच प्रश्न होता. शॉपच्या पिंपात टाकावी, तर साहेब आता रोज पिंप उपसत होते. संडासात टाकावी, तर रांगेतला मागचा माणूस दार वाजवी. पिंपरीच्या भाजी बाजारामागच्या गटारात त्यानं ती एका संध्याकाळी सोडून दिली आणि पाच पावलं गेला असेल नसेल, तर कागद वेचणारी एक बाई मागून धावत आली. “ओ दादा, तुमची पेटी पडली.” त्यानं तिचे आभार मानले. पेटी पुन्हा खिशात. डाव्या खिशात जड वाटायची म्हणून उजव्यात, उजव्यात खुळखुळायची म्हणून डब्याच्या पिशवीत, पिशवी कुणी उचलली तर म्हणून पुन्हा डाव्यात.

आणि अशातच, दोनशे अठराव्या दिवशी, साहेबांनी सगळ्यांना खांबापाशी बोलावलं.

ते इंग्रजीत बराच वेळ बोलले. त्यांची आई किमोनो शिवायची. वर्षभरात मोडलेल्या सुया ती एका डबीत जपून ठेवायची आणि आठ फेब्रुवारीला देवळात न्यायची. तिथं सोयाबीनच्या दुधाची मऊ वडी मांडलेली असे. टोफू म्हणतात तिला. सुईनं जन्मभर घट्ट कापडातून वाट काढलेली असते, म्हणून शेवटची जागा तिला मऊ द्यायची. गावातल्या बायका एकेक सुई त्या वडीत खोचून तिचे आभार मानत. जुनी माणसं सांगत, की शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो. आभार न मानता ती फेकून दिली, तर तिला हातपाय फुटतात, आणि ती मालकाला शोधत परत येते. फाटक्या छत्र्या एका पायावर उड्या मारत येतात. चपला येतात. ड्रिल म्हणजे शेवटी सुईच. तेव्हा या आठ फेब्रुवारीला आपणही ते करू.

सगळं बोलणं उद्धवराव फोरमननं मराठीत सांगितलं. “साहेब म्हणतात, आठ तारखेला दुपारी प्रत्येकानं आपापलं मोडलेलं ड्रिल घेऊन इथं यायचं.” थोडं थांबून ते म्हणाले, “बाकी सगळं श्रद्धेचं आहे.”

‘आपापलं’ या शब्दावर दोघा-तिघांनी मागं वळून पाहिलं. मागं अर्जुनराव उभे होते. अर्जुनराव म्हणजे कंपनीचे लेबर ऑफिसर. इस्त्रीचा बुशकोट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. ते पुढं आले आणि म्हणाले, “फार सुंदर प्रथा आहे. मी स्वतः हजर राहीन. नोंद ठेवायला.”

चहाच्या सुट्टीत ज्योतीरामनं बशी फुंकत निकाल दिला. “सापळा हाय. आपण होऊन कोण सांगतंय का, मी मोडलं म्हणून? साहेब देवमाणूस हाय, पण त्यांच्या पाठीमागं लाल पेन हाय.”

“आणि कुणीच न्हाई नेलं तर?” भीमराजनं विचारलं.

“तर काय. सगळेच न्हाई तर कुणाला धरणार?”

“किती ड्रिलं आली न् किती जमा झाली, ते साहेबांना पाठ असंल.”

“तू लई इचार करायलास राव. बस की खाली.”

“बसलोय की.”

“बसलायस, पण उभा असल्यावानी बसलायस.”

भैरू हेल्पर हसला. भैरू पुनावळ्याचा. घरची भातखाचरं, दोन म्हशी, आणि कारखान्यात खोकी उचलायचं काम. तो म्हणाला, “आमच्याकडं न्हाई बाबा शंभर वर्साचं काय. बैलगाडी हाय आज्याची, पन तिला पाय फुटायचं आदी चाकं निखळल्याती.”

हिरायामा साहेबांसमोर आता वेगळीच अडचण उभी राहिली. टोफू मिळेना. चिंचवडला नाही, पुण्यात नाही, मुंबईला एका हॉटेलात मिळतं म्हणाले तेही त्यांच्या स्वयंपाक्यापुरतं. मग साहेब चाचणीला बसले. ही माणसं चाचणीशिवाय काही करत नाहीत. कॅन्टीनवाल्यानं ढोकळा आणला. ड्रिल उभं राहिलं, पण ढोकळ्यात भोकं मुळातच इतकी, की साहेबांना ते कमीपणाचं वाटलं. श्रीखंडात ड्रिल बुडालं. शिऱ्यात तिरकं झालं. बर्फीत घालताना दुसऱ्यांदा मोडलं. साहेब प्रत्येक वेळी वहीत काहीतरी लिहीत आणि मान हलवत. कॅन्टीनवाला उरलेलं सगळं खात होता आणि त्याला चाचण्या संपू नयेत असं वाटत होतं.

शेवटी भैरू म्हणाला, “साहेब, परवा म्हस व्याली आमची. चीक हाय. खरवस करू का?”

दुसऱ्या दिवशी तो डब्यात खरवस घेऊन आला. गुळाचा नाही, पांढरा, साखरेचा. साहेबांनी बोटानं टेकून पाहिलं. हलला. ड्रिल खोचलं. सरळ, उभं, जसं काही तिथंच उगवलं होतं. साहेबांनी विचारलं, हे कशाचं. उद्धवरावनं सांगितलं, नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि मग त्यांना येत असलेल्या मराठीत म्हणाले, “बरं. बरं. बरं.”

भीमराजच्या घरात यावर वेगळी चर्चा चालू होती. तो आणि आई भिमाबाई पिंपरीला दोन खोल्यांत राहायचे. भिमाबाईंचा जपानी साहेबांवर रागलोभ दोन्ही होता. जपान म्हणजे बुद्धाचा देश, म्हणून वस्तीनं मागच्या वैशाखी पौर्णिमेला साहेबांना विहारात बोलावलं होतं. साहेब आले, मांडी घालून तासभर हलले नाहीत, आपल्या चालीत सूत्रही म्हणाले. सगळी वस्ती खूश. मग भीमराजनं घरी सांगितलं, की कारखान्यात साहेब लाकडी देवळापुढं टाळ्या वाजवतात आणि त्यांच्या गावी कोल्ह्याचंही देऊळ आहे.

“बुद्धाचा मानूस आन् कोल्ह्याला हात जोडतो?” भिमाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. “बावीस प्रतिज्ञा त्यांच्याकडं पोचल्या नसत्याल.”

आता त्यांनी विचारलं, “आठ तारखेचं काय, पूजा हाय का? पूजा असंल तर तू हात लावायचा न्हाई.”

“पूजा न्हाई. आभार हायेत.”

“कुणाचे?”

“ड्रिलचे.”

भिमाबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या. “माझी मोठी सुई मोडली व्हती, तू दुसरीत असताना. तुमा पाच जणांच्या गोधड्या तिनं शिवल्या. म्या ती टाकली न्हाई. कवलाच्या फटीत ठिवली.”

“का?”

“काय म्हाईत. टाकवंना.” आणि त्यांनी भाकरी तव्यावर घातली. “ते खिशात काय सारखं चाचपतोस? इडी वढाया लागला का?”

“न्हाई.”

“मग काडीपेटी कशाला?”

भीमराज उठून बाहेर गेला. वस्तीला दोन फेऱ्या मारून आला आणि पुन्हा बाहेर गेला.

सात तारखेला जेवणाच्या सुट्टीत पर्मनंट लोकांची बैठक बसली. प्रश्न बिकट होता. मोडकं न्यावं तर लाल पेन. काहीच न न्यावं तर देवापुढं रिकाम्या हातानं जायचं कसं. खंडेनवमीला हेच लोक मशीनला झेंडूची माळ घालत, नारळ फोडत. देव जपानचा असला म्हणून काय झालं, खांब तर आपला होता.

तोडगा ज्योतीरामला सुचला. “एक सांगा. आपण अक्षता वाहताव, त्या कशा असतेत?”

“तांदळाच्या.”

“तांदळाच्या, पण कशा? अखंड. कणी चालत न्हाई. मूर्ती भंगली की घरात ठिवत न्हाई. सुपारी किडकी चालत न्हाई. आन् ह्ये म्हणतेत देवाला मोडकं वाहा. साहेबांना हिकडलं माहीत न्हाई, त्यांची चूक न्हाई. पण आपल्याला तर माहीत हाय.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. धर्मही राखला जात होता आणि नोकरीही. असा तोडगा निघाला, की माणसाला तो खरा वाटायला वेळ लागत नाही. ठरलं. प्रत्येकानं चांगलं, नवं, न मोडलेलं ड्रिल वाहायचं.

उठताना ज्योतीरामनं भीमराजच्या मुठीत एक कोंबलं. “तुलाबी धर. मोडकं घरीच ठिव.”

“पण भाऊ, साहेब मोडलेलंच म्हणाले.”

“दोनशे सत्तावीस झाले ना तुझे?”

“व्हय.”

“मग गप धर.”

आठ तारीख, बुधवार. दुपारी तीन वाजता पहिली पाळी सुटायची आणि दुसरी यायची, तेव्हा मशीनं बंद झाली. खांबाखाली टेबल, टेबलावर पांढरं कापड, कापडावर परात आणि परातीत भैरूच्या घरचा खरवस. शेजारी खुर्ची टाकून अर्जुनराव. मांडीवर वही, वहीत तीन रकाने आखलेले. नाव, तारीख, मोडलेल्या ड्रिलचा नंबर.

साहेब काळा सूट घालून आले होते. त्यांनी दोनदा टाळ्या वाजवल्या, वाकले, रुमालातून एक मोडकं ड्रिल काढलं आणि खरवसात खोचलं. उद्धवरावनं सांगितलं, “हे साहेबांनी स्वतः मोडलंय. सोमवारी. वेग चुकला, म्हणतात.”

मग साहेब बाजूला झाले आणि वाट पाहू लागले.

ज्योतीराम पुढं आला. खिशातून हळदीकुंकवाची पुडी काढली, परातीला बोटं लावली, टेबलाच्या पायापाशी नारळ फोडला आणि एक चकाकतं, धारदार, अखंड ड्रिल खरवसात रोवलं. नमस्कार केला. अर्जुनरावांनी पेन टेकवलं आणि उचललं. ज्योतीरामच्या मागं रांग लागली होती. मोज्यांतून, डब्यांतून, पट्ट्याच्या आतून, एकाच्या तर पागोट्यातून ड्रिलं निघत होती. काही भाविकांनी दोन-दोन वाहिली. घरच्या आजाऱ्यासाठी एकानं पाच. परात साळिंदरासारखी दिसायला लागली.

साहेबांचा चेहरा वाचता येत नसे, पण त्या दिवशी येत होता. पाच महिने, आयात परवाना, बंद पडलेली लाइन, काकुळतीची तार, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर खरवसात उभं राहत होतं. त्यांनी उद्धवरावकडं पाहिलं. उद्धवरावनं छताकडं पाहिलं. अर्जुनराव वहीकडं पाहत होते. त्यांच्या तिन्ही रकान्यांत अजून एक अक्षर पडलं नव्हतं.

भीमराज रांगेत शेवटचा. डाव्या मुठीत ज्योतीरामचं ड्रिल, उजव्या हातात काडेपेटी. रांग सरकत होती तसा तो एकदा डावी मूठ पुढं करून पाहत होता, एकदा उजवी. पुढचा माणूस बाजूला झाला. परातीत जागा शोधावी लागत होती. सगळीकडं नवी ड्रिलं, आणि मधोमध साहेबांचं एकटंच थोटं.

डावी मूठ उघडायची होती, एवढंच काम होतं. पण मग काडेपेटी परत खिशात गेली असती. तिच्यासाठी याच्यापुढं जागाच उरली नव्हती. देऊन टाकायला सांगितलंय तिथं दिली नाही, तर ती आता जन्मभर या खिशातून त्या खिशात जाणार, हे त्याला दिसलं. त्यानं काडेपेटी उघडली आणि मोडका तुकडा साहेबांच्या तुकड्याशेजारी खोचला.

“माझं,” तो म्हणाला. “चोवीस जानेवारीला मोडलं. घाई केली मी.”

मागं कुणीतरी जीभ चावली. अर्जुनरावांचं पेन चाललं. बराच वेळ चाललं, कारण एवढा आखलेला कागद भरायला नाव एकच होतं.

साहेब भीमराजसमोर आले आणि कमरेत वाकले. पिंपासमोर वाकले होते तसे, उलट थोडे जास्तच. भीमराजला काय करावं कळेना, म्हणून तोही वाकला. साहेब वर येण्याआधी आपण वर यायचं की नंतर, हे माहीत नसल्यानं दोघं बराच वेळ तसेच राहिले.

मग साहेबांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि नवी ड्रिलं एकेक करून उपटायला सुरुवात केली. प्रत्येक ड्रिल फडक्यानं पुसायचं, उजेडात धरायचं, धार बघायची, खोक्यात ठेवायचं. कुणाकडं पाहिलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. पाऊण तास चाललं होतं. भीमराजनं डाव्या मुठीतलं ड्रिलही त्याच खोक्यात ठेवलं. दुसरी पाळी दारात खोळंबली होती, पहिली पाळी घरी जाईना. ज्योतीरामनं पायातला मोजा वर ओढला. त्रेसष्ट ड्रिलं निघाली. परातीत चाळणीसारखा खरवस उरला आणि त्यात दोन तुकडे.

“ह्ये आता खायाचं का?” भैरूनं उद्धवरावला हळूच विचारलं.

साहेबांना विचारलं गेलं. साहेब म्हणाले, नाही, हे पाण्यात सोडायचं. भैरूला ते लगेच पटलं. निर्माल्य नदीतच जातं. त्यानं परात सायकलच्या कॅरिअरला बांधली, पवनेवर गेला, कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि परात पालथी केली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, आठवड्याच्या वीजकपातीचा, म्हणून सगळ्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी. भीमराजनं ती वस्तीत येरझाऱ्या घालून काढली. शुक्रवारी, दोनशे एकोणतिसाव्या दिवशी, त्याला अर्जुनरावांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं.

“बस,” अर्जुनराव म्हणाले. भीमराज उभाच राहिला. “तिसरं ड्रिल. नियमाप्रमाणे मेमो आणि ब्रेक. सही कर इथं.”

“साहेब, बाकीच्या त्रेसष्टांचं काय?”

“ती मोडलेली नाहीत. न मोडलेल्या ड्रिलबद्दल नियम नाही. करायला घेतलाय.” त्यांनी फॉर्म पुढं सरकवला आणि स्वतःच परत ओढला. “थांब. जमा पावतीचा नंबर काय?”

“कसली पावती?”

“मोडकं ड्रिल स्टोअरला दिलंस, त्याची.”

“स्टोअरला कुठं दिलं. खरवसात दिलं.”

अर्जुनराव फॉर्मकडं पाहत राहिले. पावतीशिवाय ड्रिल मोडल्याचं कागदावर येत नव्हतं. कागदावर ते चोवीस जानेवारीपासून व्यवस्थित भोकं पाडत होतं. त्यांनी स्टोअरवाल्याला बोलावलं. स्टोअरवाला म्हणाला, वस्तू दाखवा, पावती देतो. भैरूला बोलावलं. भैरू म्हणाला, “वस्तू पवनामाईत हाय. काडायला सांगशीला तर न्हाई काडनार. देवाचं सोडल्यालं परत आनत न्हाईत.” मग अर्जुनराव स्वतः हिरायामा साहेबांकडं गेले, की ड्रिल मोडलं होतं एवढं आपण लिहून द्यावं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कागदावर एक ओळ लिहून दिली. ‘या ड्रिलने आपले काम पूर्ण केले.’

हे कोणत्या रकान्यात बसवावं, याचं मार्गदर्शन मागवण्यासाठी फाइल मुंबईच्या हेड ऑफिसला गेली.

पुढचे दिवस भीमराजनं कसे काढले, ते त्याच्या नॉझलना विचारावं. हात मशीनवर आणि कान केबिनच्या दाराकडं. शिपाई दिसला की हात मशीनच्या बटणाकडं. दोनशे बत्तीस. दोनशे चौतीस, आणि पुन्हा गुरुवार, ज्या दिवशी ब्रेकही मिळत नाही आणि दिवसही वाढत नाही. शिपाई दोनशे सदतिसाव्या दिवशी खरंच आला. भीमराजनं मशीन बंद केलं. शिपायाला ज्योतीरामकडून तंबाखू हवी होती.

“आपल्यामुळं झालं राव,” ज्योतीराम त्या दिवशी म्हणाला. “मी म्हणलो अखंडच वाहा. तू कशाला ऐकला न्हाईस?”

“तुम्ही सगळ्यांनी कशाला ऐकलं?” भीमराज म्हणाला. यावर ज्योतीराम बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

बावीस फेब्रुवारीला दोनशे चाळीस भरले. मुंबईहून उत्तर आलं नव्हतं. फाइल प्रलंबित असताना कारवाई करता येत नाही, आणि कारवाई नाही तर ब्रेक नाही, आणि ब्रेक नाही तर माणूस दोनशे एक्केचाळिसाव्या दिवशीही कामावर येतो. भीमराज आला. मार्चमध्ये त्याला पर्मनंटचं पत्र मिळालं. भिमाबाईंनी ते दोनदा उलटंसुलटं पाहिलं आणि डाळीच्या डब्यात ठेवलं.

पत्र देताना अर्जुनराव म्हणाले होते, “अभिनंदन. फाइल बंद झालेली नाही हं. ती चालू आहे. ड्रिल मिळालं, की पावती होईल. पावती झाली, की मेमो. चोवीस जानेवारीच्या तारखेचा. तेव्हा तू टेम्पररी होतास.”

त्यामुळे पर्मनंट झाल्यावर भीमराजला वाटायला हवी होती तशी स्वस्थता काही वाटली नाही. ड्रिल सापडणं शक्य नाही, हे त्याला कळत होतं. सुईएवढी वस्तू, वाहतं पाणी, तळाचा गाळ. ज्योतीरामनं त्याला हिशेब करून सांगितलं, की ते एव्हाना दौंडपर्यंत गेलं असेल. पण एप्रिल लागला, पवनेचं पाणी खाली गेलं, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या, आणि दर गुरुवारी त्याचे पाय आपोआप तिकडं वळायला लागले. आईला सांगायचं, फिरून येतो.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी तो सकाळीच गेला. पाणी आणखी हातभर उतरलं होतं. भैरू उतरला होता ती जागा आता गुडघाभर. घाटावर एक गृहस्थ पाठमोरे उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला पायरीवर, खिशाला दोन पेनं. ते वाकून पाण्यात बघत होते.

चाहूल लागून त्यांनी मागं पाहिलं.

“काय रे,” अर्जुनराव म्हणाले.

“काय न्हाई साहेब. उकडतंय.”

“हो ना. फार उकडतंय.”

अर्जुनराव थोडे डावीकडं सरकले. भीमराजनं चपला काढल्या, त्यांच्या चपलांपासून दोन पायऱ्या सोडून ठेवल्या, पँट दुमडली आणि त्यांच्या उजवीकडं, त्यांना तिथलं नीट दिसणार नाही अशा बेतानं, पाण्यात उतरला.